मदत हवी आहे: क्लोरीनच्या मास स्पेक्ट्रममध्ये ७१ ला शिखर का नाही?

हापूस_बारावी (रत्नागिरी):
आवर्तसारणीत क्लोरीनचं वस्तुमान ३५.५, म्हणजे वायूचा रेणू ७१ चा. पण सरावाच्या आलेखात ७१ ला काहीच नाही. ७०, ७२, ७४ ला शिखरं आहेत, शिवाय ३५ आणि ३७ लाही. नमुना अशुद्ध की छपाईची चूक? परवा चाचणी आहे, प्लीज सांगा.

खाडीकाठ:
आलेख बरोबर आहे. ३५.५ चा क्लोरीन अणू नसतोच, ती सरासरी आहे. मास स्पेक्ट्रमचं यंत्र वस्तुमान आणि भार यांच्या गुणोत्तराप्रमाणे आयन (भारित अणू-रेणू) वेगळे करतं, सरासरी काढत नाही. दर चार अणूंत साधारण तीन ३५ चे, एक ३७ चा. शिरोड्याच्या मिठागरातलं मीठ घे नाहीतर दुकानातलं, प्रमाण हेच.

आता जोड्या लाव. ३५+३५ म्हणजे ७०: ३/४ × ३/४ = ९/१६. ७२ ची जोडी दोन प्रकारे जमते (३५+३७ किंवा ३७+३५), म्हणून २ × ३/४ × १/४ = ६/१६. उरलेला १/१६ हा ७४ चा. उंची ९:६:१. तो दोनचा गुणक सुटला की ९:३:१ येतं. बेरीज १६ ऐवजी १३ झाली की समजायचं काय राहिलं ते.

हापूस_बारावी:
हे कळलं दादा! मग ३५, ३७?

आम्ल_आणि_आमसूल:
ते तुकडे. नमुन्यावर सहसा ७० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांचा मारा करतात. रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडवायला १०-१२ पुरतात, त्यामुळे जास्तीच्या ऊर्जेने काही आयन फुटतात. क्लोरीनचा रेणू-आयन फुटला की एक अणू भार घेऊन जातो, दुसरा उदासीन राहतो. उदासीन तुकड्याला विद्युतक्षेत्र ओढत नाही, तो पंपाबरोबर बाहेर. आलेखात फक्त आयन दिसतात.

आणि सर्वांत उंच शिखर म्हणजे रेणुवस्तुमान, असं धरू नकोस. इथेनॉलचं ४६, पण सर्वांत उंच शिखर ३१ ला.

खाडीकाठ:
२८ आणि ३२ ला साधारण ४:१ उंचीची शिखरं आली, तर आधी हवेची गळती शोधायची: नायट्रोजन आणि ऑक्सिजन. यंत्रातला निर्वात बिघडला की आयन वाटेतच हवेच्या रेणूंवर आपटतात.

हापूस_बारावी:
इथेनॉलमध्ये ४६ − ३१ = १५, म्हणजे मेथिल (CH₃) गेलं ना?

आम्ल_आणि_आमसूल:
बरोबर. ३१ च्या तुकड्यावर धन चिन्ह लिही, गेलेल्या मेथिलवर नाही.