मदत हवी आहे: बुलेट गरम झाली की बंद पडते

भांडुपकर
बाबांची बुलेट आहे. थंड असताना एका किकला चालू होते, चालतेही मस्त. गरम झाली की आधी मिसिंग मारते, सायलेन्सरमधून एकदोन फटाके फुटतात आणि बंद. मग कितीही किका मारा, दाद देत नाही. थोडा वेळ सावलीत ठेवली की परत एका किकला चालू. गॅरेजवाल्याने कार्बोरेटर खोलून साफ केला, प्लग बदलला, आता म्हणतो हाफ इंजिन, म्हणजे पिस्टन-रिंगचं काम, करावं लागेल. रविवारी बाबांना मागे बसवून ठाण्याला न्यायचंय, ते आठवडाभर तेच बोलतायत. कुणाला नक्की माहीत असेल तर लवकर सांगा, प्लीज.

टॅपेट
कुठलं मॉडेल? साल? सहा व्होल्ट की बारा? ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट आहेत की इलेक्ट्रॉनिक? मद्रासला १९५५ पासून बुलेट बनतेय. नुसतं 'बुलेट' म्हटल्यावर कोण काय सांगणार?

गिरगावकर
पेट्रोल! दुसरं काही नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे रबर आणि कॉर्क त्याला टिकत नाहीत. माझ्या राजदूतचा पेट्रोल पाइप लिबलिबीत झाला होता आणि कॉक गळायला लागला होता. त्यात मुंबईचा पाऊस. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते टाकीच्या तळाशी बसतं. टाकी पूर्ण रिकामी करून धुवा.

भांडुपकर
१९८२ ची ३५०, सहा व्होल्ट, पॉइंटवाली. टाकी गॅरेजवाल्याने धुतलीय.

चेंबूरची_फटफटी
टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल. हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. बंद पडली की लगेच झाकण उघडा. 'स्सस्' असा आवाज आला आणि गाडी चालू झाली तर रोग सापडला. फुकटात काम होईल.

भांडुपकर
झाकण उघडून बघितलंय. आवाज नाही, फरक नाही.

माहीम_मेल
रजिस्ट्रेशन रिन्यू केलंय का? १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी करावं लागतं, पर्यावरण कर वेगळा. वाटेत बंद पडली आणि हवालदाराने कागद मागितले तर?

भांडुपकर
कागद क्लिअर आहेत हो. गाडी का बंद पडते ते कुणी सांगेल का?

लालबाग_वायरमन
हाफ इंजिनला अजिबात हात लावू देऊ नका. आधी एक करा. बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) न ओढता किकवर उभे राहा. किक तुमचं वजन क्षणभर पेलत असेल तर कॉम्प्रेशन शाबूत आहे. पिस्टन-रिंगचा दोष गाडी सावलीत ठेवून बरा होत नसतो.

दुसरं, हेडलाइटच्या वरचा अँपिअर मीटर बघा. बुलेटवाल्यांचं त्या सुईकडे लक्षच नसतं, पण सगळं तीच सांगते. लाइट बंद ठेवा, चावी ऑन करा आणि डिकॉम्प्रेसर ओढून किक हाताने सावकाश फिरवा. पॉइंट मिटले की सुई मायनसकडे जाते, उघडले की मध्ये परत येते. थंड गाडीवर हा नाच एकदा नीट बघून ठेवा. मग रस्त्यात बंद पडेल तेव्हा तिथल्या तिथे, गार व्हायच्या आत, तेच करा. सुई हललीच नाही तर बॅटरी, चावी, वायरिंग किंवा पॉइंटला करंट पोचत नाहीये. मायनसला जाऊन तिथेच अडकली तर करंट कुठेतरी बॉडीला उतरतोय. नीट नाचली तर कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) प्लगकडची बाजू किंवा पेट्रोल, तेव्हा प्लग काढून ठिणगी बघायची.

गिरगावकर
वायरमनसाहेब, एवढं करण्यापेक्षा कार्बोरेटरचा बाउल उघडून पेट्रोल आहे का बघणं सोपं नाही का?

लालबाग_वायरमन
तापलेल्या सिलिंडरशेजारी पेट्रोल सांडायचं? रस्त्याच्या कडेला? सुई बघायला पाना लागत नाही, म्हणून ती आधी. इथेनॉलने रबर खराब होतं हे मान्य. म्हणून प्रत्येक आजार पेट्रोलचाच नसतो.

विक्रोळी_वेस्ट
हे सगळं सोडा, इलेक्ट्रॉनिक किट टाका. पॉइंटची कटकट कायमची मिटेल. मी टाकलंय, उत्तम चालतंय.

टॅपेट
बरीच किटं बारा व्होल्टची असतात, सहाला चालत नाहीत. आधी बारा करा, मग बॅटरी बदला, कॉइल बदला, बल्ब बदला. रविवारच्या आत? १९८२ ची गाडी पॉइंटवर धावली आहे आणि पॉइंटवरच धावेल.

भांडुपकर
आज ऑफिसला तीच नेली. हायवेला विक्रोळीच्या अलीकडे बंद. कॉम्प्रेशन दणदणीत, किक खाली जात नव्हती. सुई मायनसला जाऊन तिथेच राहिली, किक फिरवली तरी मध्ये येईना. गार झाल्यावर परत नाचायला लागली. आता?

लालबाग_वायरमन
शाब्बास! कंडेन्सर, म्हणजे पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू न देणारा छोटा डबा. सिलिंडरमागच्या पॉइंटच्या डबीत तो बसवलेला असतो, तिथे त्याला शेक लागतो. तापला की आतून शॉर्ट होतो, म्हणजे पॉइंट उघडले तरी करंटला मिटल्यासारखेच, मग ठिणगी कुठून पडणार? थंड झाला की परत ठीक.

खात्री करायची तर पुढच्या वेळी गरम असतानाच कंडेन्सरची वायर सोडवा आणि किक फिरवा. सुई नाचायला लागली तर कंडेन्सरच. तरीही अडकलेली राहिली तर पॉइंटचा फायबर वॉशर फुटला असेल किंवा आतली वायर बॉडीला घासत असेल.

चेंबूरची_फटफटी
कुर्ल्याला सीएसटी रोडवर पद्मिनी मोटारीचा कंडेन्सर मिळाला तर घ्या. डबीच्या बाहेर, टाकीखाली गार जागी बसवा. वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला, बॉडी फ्रेमला घट्ट अर्थ. जागा खरवडून रंग काढा. आणि आतला जुना काढून टाकायला विसरू नका, नाहीतर तोच परत शॉर्ट मारेल.

माहीम_मेल
पद्मिनी! २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली तेव्हा फार वाईट वाटलं. मागच्या सीटवर चौघं आरामात बसायचो. एखादी तरी जपून ठेवायला हवी होती.

गिरगावकर
अगदी खरं. डिकीत सत्यनारायणाचं सगळं सामान मावायचं.

भांडुपकर
वायर सोडवल्यावर सुई नाचली. कंडेन्सर बाहेर बसवला. भांडुप ते ठाणे, परत, आणि तसंच पुढे सायनपर्यंत, कुठेही मिसिंग नाही. वायरमनसाहेब, तुमचे किती आभार मानू! बाबा सायनच्या सिग्नलला म्हणाले, बंद करू नकोस, आवाज ऐकू दे. पण पॉइंट काळे पडलेत आणि एकावर टेंगूळ आलंय. घासू की नवे टाकू?

लालबाग_वायरमन
नवे टाका. घासून चपटे झाले तरी एकमेकांवर नीट बसत नाहीत. नव्यांवर तेलाचा थर असतो, तो पेट्रोलच्या फडक्याने पुसा. पूर्ण उघडलेले असताना गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. पॉइंट उघडणाऱ्या कॅमला बोटाच्या टोकाएवढंही नको, जेमतेम चोपडण्यापुरतं ग्रीस. पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये पॉइंटची फायबरची टाच झिजते आणि गॅप कमी होतो, तेव्हा परत मोजा. आणि टाकीखालचा कंडेन्सर पावसाआधी रबरात गुंडाळा.