झऱ्याचं बाटलीबंद पाणी निवडताना लेबलवर नेमकं काय बघावं?

वाटसरू: घरात झऱ्याचं बाटलीबंद पाणी सुरू करायचं आहे. वडिलांना रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलंय आणि मला मचूळ पाणी घशाखाली उतरत नाही. जो तो म्हणतो, टीडीएस बघ. पण जवळपास सारख्या टीडीएसच्या दोन पाण्यांपैकी एक गोडसर लागलं, दुसरं कडसर. कोणतं घ्यावं, कसं ठरवावं?

निर्झर: टीडीएस म्हणजे सगळ्या क्षारांची बेरीज. चव ठरते ती त्यात कोणते क्षार आहेत यावर. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त असेल तर पाणी भरीव आणि गुळगुळीत लागतं. मॅग्नेशियम आणि सल्फेट वाढलं की कडसरपणा येतो. सोडियम आणि क्लोराइड दोन्ही चढे असतील तर खारट.

एव्हियां या फ्रेंच बाटलीबंद पाण्यात लिटरला कॅल्शियम ८० मिग्रॅ, मॅग्नेशियम २६, बायकार्बोनेट ३६० आणि सोडियम जेमतेम ६.५. कोंत्रेक्स या दुसऱ्या फ्रेंच पाण्यात सल्फेटच ११०० च्या वर, म्हणून ते जड लागतं. तुमच्यासाठी मी एव्हियां सुचवेन.

कातळ: मी मात्र व्होल्विक म्हणेन, तेही फ्रेंचच. ज्वालामुखीच्या खडकातून झिरपलेलं पाणी, आटवल्यावर उरणारे क्षार १३० च्या आसपास, कॅल्शियम फक्त १२, सिलिका ३० च्या वर. अगदी हलकं. कॉफीसाठीही हेच, कारण बायकार्बोनेट जास्त असलं की कॉफीतला आंबटपणा मारला जातो आणि ती सपक होते. सोडियम १२ आहे, तेही चालण्यासारखं. युरोपात लिटरला २० मिग्रॅपेक्षा कमी सोडियम असेल तर ‘कमी सोडियमच्या आहारासाठी योग्य’ असं लिहिता येतं. विशी सेलेस्तँ हे फ्रेंच पाणी मात्र वडिलांना नको. त्यात सोडियम हजाराच्या वर आहे.

आणि चव बघताना पाणी फ्रीजमधलं नको. थंडपणात सगळे दोष झाकले जातात.

वाटसरू: दोघांचेही मनापासून आभार! एक शंका. एव्हियांच्या लेबलवर ‘१८० अंशांवरचा कोरडा अवशेष ३४५’ असं आहे. मग एकटं बायकार्बोनेट ३६० कसं?

निर्झर: फार चांगलं निरीक्षण. कोरडा अवशेष म्हणजे पाणी आटवून तापवल्यावर जे उरतं त्याचं वजन. तसं तापवलं की बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं. त्यातला जवळजवळ अर्धा भाग कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होऊन उडून जातो, उरलेलं तेवढंच वजनात येतं. त्यामुळे बायकार्बोनेट भरपूर असलेल्या पाण्याचा कोरडा अवशेष क्षारांच्या खऱ्या बेरजेपेक्षा बराच कमी दिसतो. दोन बाटल्यांची तुलना करताना एकीवरचा अवशेष आणि दुसरीवरची बेरीज शेजारी ठेवू नका. सोडियम, सल्फेट, बायकार्बोनेट वेगवेगळे वाचा.

कातळ: याला अनुमोदन. दोन्हींची एकेक छोटी बाटली आणा आणि कोणती कुठली ते न सांगता वडिलांनाही चाखायला द्या. त्यांना कोणतं आवडलं ते इथे नक्की कळवा.