परत इलेक्ट्रॉनिक्स सुरू करताय? मग लगेच ईएसपी ३२ (वायफायवाला कंट्रोलर बोर्ड) घेऊ नका (माझं मत)

जुना_रेझिस्टन्स:
कॉलेजात असताना पुण्याच्या तपकीर गल्लीतून बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ५५५ टायमर आयसी, ७४१ ऑप-अँप आयसी आणायचे आणि झीरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या कोऱ्या बोर्डावर) काहीतरी जोडत बसायचं हा आमचा उद्योग, मग नोकरी लग्न पोरं यात सगळं मागे पडलं. आता वेळ आहे म्हणून परत बसलोय तर ज्याला विचारावं तो म्हणतो बोर्ड घ्या, सेन्सर मॉड्यूल घ्या, चार वायरी खुपसा आणि कोड पेस्ट करा. अहो मला टाकी भरली की वाजणारा अलार्म करायचाय! दोन प्रोब (पाण्यात सोडायच्या तारा), एक ट्रान्झिस्टर, एक बझर. त्याला वायफाय कशाला? आमच्यासारख्यांनी आधी येत होतं तेच परत हाताखालून घालावं, बोर्डाचं नंतर बघू.

वायफायवाला:
काका राग मानू नका, पण तुमच्या प्रोबला सतत डीसी (एकाच दिशेचा करंट) मिळणार, म्हणजे पॉझिटिव्हची तांब्याची तार पाण्यात झिजणार, हिरवी पुटं चढणार आणि ऐन वेळी अलार्म गप्प. कंट्रोलर असेल तर मिनिटातून एकदा काही मिलिसेकंद करंट सोडायचा, वाचायचं, बंद करायचं. दोन-चार ओळींचं काम आहे.

जुना_रेझिस्टन्स:
मग एसी द्या की प्रोबला! ५५५ चा ऑसिलेटर, आउटपुटला सिरीजमध्ये कॅपॅसिटर, डीसी तिथेच अडला. १९७२ पासून बाजारात असलेली आयसी आहे, अजून किरकोळ पैशात मिळते.

वायफायवाला:
हो पण मग ५५५, कॅपॅसिटर, रेक्टिफायर, ट्रान्झिस्टर असं वाढतच जातं ना, आणि उद्या वाटलं की अर्ध्या टाकीलाही कळायला हवं तर परत सोल्डरिंग. त्यापेक्षा आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावा, पाण्याला हातच नाही.

गच्चीवरचा:
अल्ट्रासॉनिकचं कोणी सांगत नाही ते सांगतो. वॉटरप्रूफवाल्या सेन्सरला साधारण २० सेंमीच्या आतलं दिसत नाही आणि टाकी भरत आली की नेमकं तेवढंच अंतर उरतं 😀 म्हणजे तो झाकणाच्या वर उंच बसवायची कसरत आली. साधा, उघडा एचसी-एसआर ०४ सेन्सर लावाल तर आतल्या वाफेने बाद होतो, शिवाय त्याची इको पिन (उत्तराचा सिग्नल देणारी) ५ व्होल्ट देते आणि ईएसपी ३२ चालतो ३.३ वर. मध्ये १ के आणि २ के रेझिस्टरचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर टाकावा लागतो. हे जुना माणूस झोपेतही सांगेल, कोड पेस्ट करणाऱ्यांना पिन जळून गेल्यावर कळतं.

कोड_आधी:
मी सॉफ्टवेअरवाला, उलट्या दिशेने आलोय, आणि काकांचं अर्धंच पटतं. "डीप स्लीप (बोर्डाला झोपवून वीज वाचवणं) लावला तरी बॅटरी का संपते" हा प्रश्न तर रोजचा झालाय. चिप झोपेत जेमतेम १० मायक्रोअँप घेते, पण बऱ्याच बोर्डांवर एएमएस १११७ रेग्युलेटर (व्होल्टेज ३.३ वर आणणारा) असतो, तो एकटाच ५ मिलिअँपच्या आसपास खातो. म्हणजे २५०० एमएएचचा (मिलिअँप-तासांचा) सेल वीसेक दिवसांत रिकामा, तोही काही काम न करता. वर त्याला ३.३ द्यायला इनपुट निदान व्होल्टभर जास्त लागतं आणि लिथियम सेल पूर्ण भरलेला असला तरी ४.२ च! ज्यांनी पूर्वी पॉवर सप्लाय बनवलेत त्यांना डेटाशीट उघडली की दोन मिनिटांत दिसेल हे. पण काका, ते दिसायला बोर्ड टेबलावर असायला हवा ना? नुसत्या ५५५ ने हा प्रश्न तुमच्यापर्यंत येणारच नाही.

सोल्डर_६३_३७:
बाकी वाद चालू द्या, पण पन्नाशीनंतर आधी भिंगवाला दिवा आणि सोल्डर नीट बसावं म्हणून चांगला फ्लक्स घ्या. ०६०३ साइझचा चिमुकला रेझिस्टर शिंकेने उडतो.

जुना_रेझिस्टन्स:
@कोड_आधी, मुद्दा बरोबर आहे, पण मग रेग्युलेटर बदलायचा तर कोणता? आमच्या वेळी ५ व्होल्टच्या ७८०५ रेग्युलेटरच्या पलीकडे कोणी जात नव्हतं.

कोड_आधी:
एचटी ७३३३ बघा, स्वतः अगदी थोडे मायक्रोअँप घेतो. फक्त तो २५० मिलिअँपचा आहे आणि वायफाय चालू होताना झटका त्याहून मोठा बसतो, म्हणून आउटपुटला दणकट कॅपॅसिटर लावा, नाहीतर ब्राउनआउट होऊन (व्होल्टेज खाली पडून) रीसेट होत राहील.

जुना_रेझिस्टन्स:
बॅटरीच नको मग. लिफ्टच्या खोलीत प्लग आहे, तिथून अडॅप्टर लावतो. आणि अलार्म ५५५ वरच होणार!

वायफायवाला:
सेक्रेटरीला विचारलंत का प्लगचं? 😄