आजीचं खरं वय कसं काढायचं? वर्षश्राद्धाला पुस्तिका छापायची आहे

चरईची_नात

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आमची आजी (बाबांची आई) गेल्या भाद्रपदात गेली. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे आणि घरच्यांचं ठरलंय की नुसतं जेवून पांगण्यापेक्षा तिच्यावर वीसेक पानांची पुस्तिका काढू, फोटो आणि आठवणी वगैरे. काम अर्थातच माझ्या गळ्यात, कारण "तू लिहितेस ना फेसबुकवर". पण पहिल्याच पानावर गाडी अडलीये. आजी जन्मली कधी हेच कुणाला माहीत नाही.

आधारवर ०१/०१/१९३८ आहे, ते आलं रेशनकार्डावरून आणि रेशनकार्डावर आजोबांनी तोंडाला येईल ते सांगितलेलं. मोठे काका म्हणतात ब्याण्णव पूर्ण होती, धाकटे काका म्हणतात आधारप्रमाणे सत्त्याऐंशी छाप, उगाच कुणी बोट दाखवायला नको. या पाच वर्षांवरून दोघांत दोन आठवडे अबोला आहे.

आजी स्वतः एवढंच सांगायची, "रामदास बुडाली त्या पावसात मी शहाणी झाले." (म्हणजे पाळी आली.) माहेर रेवसजवळचं, त्यामुळे बोटीची गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकलीये, तिचे चुलते धक्क्यावर वाट बघत उभे होते वगैरे. लग्न होऊन ठाण्यात आली, चरईतल्या चाळीत एका खोलीत पाच पोरं वाढवली, आणि शेवटची बारा वर्षं घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर.

दुसरा प्रश्न, लिहायचं काय? सगळ्या नातेवाइकांकडून आठवणी मागवल्या तर अकरा मेसेज आले, अकराही सारखेच: प्रेमळ, कष्टाळू, सुगरण, मायेची सावली. आता आजी प्रेमळ होतीच हो, पण शिव्याही द्यायची, पैशाला भयंकर चिकट होती, आणि माझ्या मधल्या काकूशी सात वर्षं बोलत नव्हती. हे छापतात का?

जुने_कागद

आधी तारखेचं बोलू. रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला, गुरुवार होता, स्वातंत्र्याच्या बरोबर २९ दिवस आधी. मुंबईहून रेवसला निघालेली, सहाशेच्या वर माणसं गेली. अलिबागकडच्या जुन्या माणसांची वयं या बोटीवरूनच मोजायची असतात. त्या काळी मुली साधारण तेरा-चौदाव्या वर्षी शहाण्या व्हायच्या असं धरलं तर जन्म १९३३-३४ च्या आसपास, म्हणजे मोठ्या काकांचं पारडं जड आहे. आणि १ जानेवारीवर जाऊच नका, ज्यांची तारीख माहीत नाही ते सगळे कागदावर १ जानेवारीलाच जन्मलेत.

अजून खुणा शोधा. नये पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, तेव्हा कडेवर कोण होतं? चौदा कॅरेटच्या वरचे दागिने करायला बंदी घालणारा सोन्याचा कायदा १९६३ चा, तो बायका कधी विसरत नाहीत. १९७२ च्या दुष्काळातली रेशनची लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी). १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण, सगळे दारं-खिडक्या लावून बसलेले. काकांचे जन्मदाखले असतील तर त्यावरून उलटं मोजत जा.

कागदच हवा असेल तर माहेरच्या तालुक्याला तहसील कार्यालयात कोतवाल बुक मिळतं का बघा, म्हणजे गाव नमुना १४, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. जातपडताळणीसाठी लोक काढतात ना तेच. फक्त एक सांगून ठेवतो, त्यात बाळाचं नाव असेलच असं नाही. बापाचं नाव आणि पुढे "मुलगी", एवढंच असू शकतं. तिच्या धाकट्या भावाचा शाळेचा दाखला मिळाला तर तोही बघा.

ठाणेकर_७२

भावपूर्ण श्रद्धांजली 🙏 फोटो स्कॅन करताना ६०० डीपीआयवर करा, मोबाईलने काढू नका, छापल्यावर चेहरे काळे येतात. आमचे आले होते.

मधली_सून

मी कुणाच्या तरी घरची मधली सूनच आहे म्हणून बोलते. छापा. माझ्या सासूबाई गेल्यावर पुतण्याने असंच पुस्तक काढलं होतं, वाचताना मला कळेना हे कुणाबद्दल चाललंय, इतक्या गोड बाईच्या घरात मी तेवीस वर्षं राहिले आणि मला पत्ताच नाही! त्या मला पहिली तीन वर्षं "अगं ए" म्हणायच्या, नावाने नाही. आणि माझं सिझर झालं तेव्हा त्याच बाई चाळीस दिवस पहाटे उठून डिंकाचे लाडू आणि शेपूची भाजी करून द्यायच्या, तेव्हाही "अगं ए, खाऊन घे". यातलं अर्धं गाळलं तर उरलेलं कुणाला खरं वाटणार?

फक्त एक करा ताई, काकूला आधी विचारा. छापायचं की नाही ते तिला ठरवू दे, सात वर्षं तिची गेलीयेत.

आणि सुगरण म्हणजे काय ते लिहा. कशाने ढवळायची, कशाने मोजायची.

खाजणवाला

आमी खाडीच्या या बाजूचे, ऐरोलीजवळ गावठान आहे. आमची म्हातारी तीन वर्षांपूर्वी गेली. सिडको (नवी मुंबई वसवनारी सरकारी कंपनी) आली १९७० ला, जमिनी गेल्या, पन म्हातारीने सेक्टर कदी मान्यच केले नाहीत. रिक्षात बसली की ड्रायव्हरला सांगणार, "खाजनातल्या (म्हंजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या) शेतावर ने." तो बिचारा यूपीचा, माझ्या तोंडाकडे बघणार. मी हळूच सेक्टर नंबर सांगायचो. एका मॉलच्या पार्किंगमधे उभी राहून मला दाखवलेलं, इथे बांध होता, इथे उघाडी (म्हंजे खाडीचं पानी आत-बाहेर करायचं दार), इथे तुझा बाप घसरून पडला. तिचं कॅलेंडर पन वेगळंच, एखादी गोष्ट "गोळीबाराच्या आधी" नायतर "गोळीबाराच्या नंतर". म्हंजे जानेवारी १९८४, दि. बा. पाटलांचं जमिनीच्या मोबदल्याचं आंदोलन, जासई-दास्तानला पोलिसांच्या गोळीबारात पाच मानसं गेली ते.

आमी पुस्तक नाय केलं. एक नकाशा केला, सेक्टरच्या नकाशावर तिच्या शेतांची नावं मार्करने लिहिली आणि फ्रेम करून ओटीवर लावला. अर्धी नावं आता कुनालाच ठाऊक नाहीत म्हनून जागा रिकामी राहिली. तुमच्याकडे चाळीतलं कुनी म्हातारं मानूस असेल तर आजच जाऊन बसा त्याच्याजवळ.

चरईची_नात

सगळ्यांचे आभार, खूपच उपयोग झाला. अपडेट देते.

कोतवाल बुकसाठी अर्ज टाकलाय, बघू. आजीच्या भावाचा शाळेचा दाखला मात्र आतेभावाने शोधला, त्यावर १/६/१९३६. मी उड्या मारल्या, कारण आजी त्याला कडेवर घेऊन पाणी भरायची म्हणजे तीनेक वर्षांनी तरी मोठी. तर बाबा म्हणाले, वेडे, शाळेत नाव घालताना गुरुजी सगळ्यांना १ जूनच टाकायचे. झालं! शेवटी "जन्म: रामदास बुडाली त्याच्या तेरा-चौदा वर्षं आधी" असंच छापतोय. दोन्ही काकांना मान्य आहे. धाकट्यांनी वर "अंदाजे" लिहायला लावलंय.

काकूला विचारलं. ती आधी हसली, मग म्हणाली लिही, पण भांडण कशावरून झालं तेही लिही. मला वाटत होतं दागिन्यांवरून असेल. नाही, चिपट्यावरून! आजीकडे तांदूळ मोजायचं पितळी चिपटं होतं, माहेरून आणलेलं, कडेला एक पोचा आणि बुडाला झाळलेलं. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, असं तिचं चाले, किलो तिने फक्त जांभळी नाक्यावर वाण्याशी बोलताना वापरला. काकू नवीन असताना भांड्यावर भांडी घेतात ना दारावर, तिने जुनी भांडी देऊन स्टीलचा डबा घेतला आणि त्यात चिपटं पण गेलं. आजी अनवाणी तलावपाळीपर्यंत त्या भांडीवालीच्या मागे गेली आणि घेऊन आली. डबा परत दिला. पुढची सात वर्षं काकूला तांदूळ मोजू दिले नाहीत. ते चिपटं आता काकूकडेच आहे, आजीनेच दिलं शेवटी, तेव्हाही न बोलता, नुसतं तिच्या ओट्यावर ठेवून आली म्हणे. कव्हरवर आजीच्या फोटोऐवजी त्याचाच फोटो टाकू का असा विचार चाललाय, मोठे काका तयार नाहीत.

खाजणवाला दादा, चाळीतल्या एक आजी आता कळव्याला मुलाकडे असतात, रविवारी जाऊन आले. त्यांना आजीचं माहेरचं नाव माहीत होतं, आम्हाला कुणालाच नव्हतं. ते पहिल्या पानावर.

आणि एक मिळालं. टॉवरमधे आजी गॅलरीत बोंबील वाळत घालायची त्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर दर आठवड्याला राडा व्हायचा, तेव्हा मी गंमत म्हणून तिला रेकॉर्ड केलं होतं, की आजी, चेअरमनला काय सांगशील. जुन्या फोनमधे ती क्लिप सापडली, अकरा सेकंदांची. चेअरमनबद्दल एक अक्षर नाही. आधी भांड्यांचा आवाज येतो, मग ती आतून ओरडते, "बोंबील आत घेतलेस का गं, ढग आलेत."