छापखान्यातले १६ हजार की अंधेरीतले ८ हजार?

कुंचला
यंदा उपयोजित कलेची पदवी संपली. घर सांगलीला. हातात दोन गोष्टी आहेत. एक, इथलाच ऑफसेट छापखाना: लग्नपत्रिका, बेदाण्याची खोकी, हळदीच्या पिशव्या, निवडणूक आली की पत्रकं. पगार १६ हजार, डबा घरचा. दुसरी, अंधेरीतली जाहिरात एजन्सी: सहा महिने इंटर्नशिप, महिना ८ हजार. त्याआधी एक 'टेस्ट' द्यायची, ती म्हणजे एका चहाचा लोगो, तीन पाकिटांची डिझाइनं आणि सोशल मीडियाच्या दहा पोस्ट. मुदत चार दिवस, पैसे नाहीत.

माझं मत आधीच सांगते, मला मुंबईला जायचंय. छापखान्यात दोन वर्षं काढली की माणूस तिथलाच होतो, असं आमचे एक सर म्हणायचे. बाबांचं मत बरोब्बर उलटं. आता भांडा.

मशीनमन
तुझ्याएवढी पुतणी आहे मला, म्हणून एकेरी बोलतो. पुण्यात ३१ वर्षं छापतोय. कॉलेजातून पास झालेली मुलं फाइल पाठवतात तेव्हा पहिलं काय बघतो सांगू? काळा मजकूर. दहातल्या सहा फायलींत तो नुसत्या काळ्या शाईत नसतो, छपाईच्या चारही रंगांत असतो. स्क्रीनवर काळाच दिसतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. मशीनवर चार रंगांच्या चार प्लेटा केसभर इकडेतिकडे झाल्या की बारीक अक्षरांना लाल-निळी सावली येते आणि गिऱ्हाईक आमच्या नावाने खडे फोडतं.

गेल्या वर्षी एका मोठ्या एजन्सीकडून मिठाईच्या खोक्याचं काम आलं. चित्र अप्रतिम, खोटं कशाला बोलू. पण गोंद लावायच्या पट्टीवरही चित्र आणि त्यावर वॉर्निश. वॉर्निशवर गोंद धरतो का? पाच हजार खोकी दुसऱ्या दिवशी आपोआप उघडली. ज्याने ते केलं त्याने आयुष्यात खोकं जुळताना पाहिलं नव्हतं. तू छापखान्यात जा.

अंधेरीलोकल
काका, तुमच्या अनुभवाला नमस्कार, पण हे सगळं शिकायला सहा महिने पुरतात. छापखान्यात 'का' विचारणारं कोणी नसतं, त्याचं काय? गिऱ्हाईक खुर्चीच्या मागे उभं राहून सांगतं, साहेबांचा फोटो मोठा करा, कोपऱ्यात गणपती टाका, पिवळा अजून पिवळा करा. दोन वर्षांत हात जलद होतो आणि डोकं बंद पडतं. मी स्वतः नगरच्या फ्लेक्सच्या दुकानातून आलोय, म्हणून सांगतो.

एजन्सीत पहिल्या वर्षी एका होर्डिंगसाठी ६० रफ काढले होते. ५२ केराच्या टोपलीत गेले. ते का गेले हे शेजारी बसून सांगणारा माणूस होता, ती माझी खरी फी. र. कृ. जोशींचं उदाहरण घ्या. विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट ज्यांच्या हातचा, ते आधी बरीच वर्षं उल्का एजन्सीत होते, मग पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायला गेले.

मशीनमन
मोठ्या माणसांची नावं घेतलीस तर माझ्याकडेही एक आहे. कमल शेडगे. अक्षरं काढता काढताच शिकले. नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी काढलेलं नाव वाचूनच नाटक विनोदी की गंभीर ते कळायचं. आणि ८ हजारांत अंधेरीत कॉट तरी मिळते का रे? उरलेले पैसे तिचे बाबा पाठवणार. म्हणजे एजन्सीची इंटर्नशिप सांगलीच्या बापाच्या पगारावर चालते!

अंधेरीलोकल
यावर माझ्याकडे उत्तर नाही. ८ हजार ही लाज आहे, मान्य.

बंगळुरूकर
दोन्ही सोड. यूएक्स शीक, म्हणजे ॲप आणि वेबसाइट वापरायला सोप्या करायचं डिझाइन. छापील कामाला आता किती दिवस राहिले?

मशीनमन
आमच्याकडे दर दिवाळीला तीन पाळ्या चालतात. या बघायला.

रफार
पगारावर काय ते भांडून घ्या, मी टेस्टवर बोलते. कुंचला, तो चहा खऱ्या क्लायंटचा आहे की नुसता कल्पनेतला? खरा असेल तर ती टेस्ट नाही, ते काम आहे. तीन वर्षांपूर्वी मीही अशीच एक 'टेस्ट' दिली, लोणच्यांच्या पॅकची. उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी दुकानात बरणी दिसली. कैरीचा देठ मी मुद्दाम 'क'च्या दांड्यासारखा वळवला होता, तोच देठ. मी पाठवलेलं व्हॉट्सॲपवर, जेपीजी, ना ईमेल ना तारीख. भांडायला गेलेच नाही.

शून्यप्रहर
एवढी भीती बाळगून कसं चालेल? रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये खुल्या स्पर्धेतूनच आलं ना? उदय कुमार तेव्हा आयआयटी मुंबईत पीएचडी करत होते. 'फुकट काही करणार नाही' म्हणत बसले असते तर?

रफार
त्या स्पर्धेचे नियम जाहीर होते, अडीच लाखांचं बक्षीस जाहीर होतं आणि जिंकलेल्याचं नाव साऱ्या देशाला कळलं. चहाच्या टेस्टमध्ये यातलं काय आहे? कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे आणि त्यात साफ लिहिलंय की हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सही करून. तेव्हा पाठवायचंच असेल तर ईमेलने पाठव आणि खाली एक ओळ लिही: 'हे काम फक्त निवडीसाठी आहे, वापरायचं असल्यास आधी मोबदला ठरवावा.' या एका ओळीवर बिथरणाऱ्या एजन्सीत सहा महिने काय काढणार?

शून्यप्रहर
कागदावर ठीक आहे. फ्रेशरने अशी ओळ लिहिली की मेल सरळ कचऱ्यात. त्या खुर्चीसाठी दोनशे जण रांगेत असतात.

अंधेरीलोकल
मी त्या मेल उघडतो. अशी ओळ आली तर मी तरी कचऱ्यात टाकणार नाही. पण टेस्टच लावू नये हे जास्त बरं. पोर्टफोलिओत तीन कामं आणि त्यांची रफ पानं असतील तर मला तेवढ्यावर कळतं.

बंगळुरूकर
माझ्यावर हसून झालं असेल तर एक सांगतो. ॲपमध्ये इंग्रजीच्या मापाने ओळीची उंची ठेवतात, मराठी टाकलं की वरच्या वेलांट्या छाटल्या जातात आणि खालचे उकार पुढच्या ओळीत घुसतात. आमच्या टीममध्ये हे दिसणारा मी एकटा, तेही शाळेत कित्ता गिरवला म्हणून. देवनागरीवर हात असलेली माणसं हवी आहेत. ती कुठून येतात त्याच्याशी मला देणंघेणं नाही.

कुंचला
चार दिवस गप्प होते. एजन्सीला विचारलं, चहा खराच आहे. रफारताईंची ओळ घालून मेल केलाय, टेस्ट नाही, जुनी कामं पाठवली. उत्तर नाही.

मधल्या वेळात छापखान्यात दोन दिवस नुसती जाऊन बसले. पहिल्याच पत्रिकेत जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार उडाला होता आणि नवरी 'चि. सौ. कां. कीती' झाली होती. प्रूफावर दोघांच्या सह्या! मी दाखवल्यावर मालक म्हणाले, उद्यापासून ये. मी अजून हो म्हटलेलं नाही. मुंबईचं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, हे बाबांनाही सांगितलंय.

काका, बेदाण्याचं खोकं करायला दिलंय. गोंदाच्या पट्टीवर वॉर्निश किती मिलिमीटर आधी थांबवायचं?

मशीनमन
ते मला नको विचारू. तुमच्याकडे खोकी चिकटवायला ज्या बाई बसतात ना, त्यांच्याजवळ जाऊन बस. रिकामं खोकं हातात घेऊन जा.