बटरफ्लाय पडली ती कटामुळे की बांधणीमुळे?

विंगेतला:
१७ फेब्रुवारी १९०४ ला मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या 'मादामा बटरफ्लाय' या ऑपेराचा पहिला प्रयोग हशा-शिट्ट्यांत बुडाला. पुच्चिनीने दुसरा प्रयोग होऊच दिला नाही. विरोधकांनी कट करून ऑपेरा पाडला, असं अजूनही सांगतात. मला पटत नाही. दोनच अंक, त्यातला दुसरा सलग दीड तासाच्या आसपास. बटरफ्लायला सोडून गेलेला तिचा अमेरिकन नवरा पिंकर्टन, त्याला शेवटी एकही स्वतंत्र गाणं नाही. पहिल्या अंकात लग्नाला जमलेले नातेवाईक आणि दारुडा काका याकुसिदे यांच्यातच वेळ जातो, गोष्ट पुढे सरकत नाही.

पंचमवाला:
मग इटलीतल्याच ब्रेशिया शहरातल्या प्रयोगाचं काय? २८ मे ला, जेमतेम तीन महिन्यांनी, लोकांनी हाच ऑपेरा डोक्यावर घेतला, वन्स मोअर घेतले. कंडक्टर तोच काम्पानिनी, पिंकर्टन तोच जेनातेल्लो. नायिका मात्र स्तोर्किओऐवजी क्रुशेल्नित्स्का. मिलानमध्ये पहाटेच्या संगीतात पाखरांची किलबिल सुरू झाल्याबरोबर प्रेक्षकांतून गुराढोरांचे आवाज आले. कंटाळलेला माणूस उठून जातो. असे आवाज काढणारा तयारीने आलेला असतो.

विंगेतला:
त्या तीन महिन्यांत पुच्चिनीने काय बदललं ते बघा. दुसरा अंक मधोमध तोडून पडदा पाडला. पिंकर्टनला 'अदिओ, फियोरितो आझिल' हे निरोपाचं गाणं दिलं. पहिला अंक छाटला. बटरफ्लायच्या प्रवेशाची सुरावटही बदलली, कारण मिलानमध्ये लोक 'बोएम! बोएम!' ओरडले होते, म्हणजे ती सुरावट त्याच्याच आधीच्या 'ला बोएम' ऑपेरातली वाटते असं. नुसत्या कटामुळे पडलेल्या कामाची कुणी इतकी डागडुजी करत नाही.

मंद्रसप्तक:
तो अंक तोडला हेच चुकलं, असं माझं ठाम मत आहे. पुच्चिनीने १९०० साली लंडनमध्ये अमेरिकन नाटककार बेलास्कोचं, ज्यावर हा ऑपेरा बेतला ते नाटक पाहिलं. त्यात बटरफ्लाय रात्रभर नवऱ्याची वाट बघते तो प्रसंग १४ मिनिटांचा, एकही शब्द नाही, फक्त संध्याकाळपासून पहाटेपर्यंत बदलत जाणारा उजेड. पुच्चिनीला तेच हवं होतं. ती कागदी पडद्याला भोकं पाडून बंदराकडे डोळे लावते. आतून कोरस ओठ मिटून गुणगुणतो, सोबत व्हियोला दामोरे हे व्हायोलिनसारखं जुनं वाद्य, बाकीची तंतुवाद्यं बोटांनी छेडलेली. मूल झोपतं, दासी सुझुकी झोपते, ती हलत नाही. नेमका तिथे पडदा पाडून दिवे लावले की ती रात्रच संपते. शिवाय १९०६ च्या पॅरिस प्रयोगासाठी पिंकर्टनची अमेरिकन बायको केट हिचं काम कापलं. मूळ संहितेत केट स्वतः बटरफ्लायशी बोलते, तो प्रसंग फार जड आहे. ७ डिसेंबर २०१६ ला कंडक्टर रिक्कार्दो शाई यांनी ला स्कालाच्या हंगामाची सुरुवात याच १९०४ च्या आवृत्तीने केली. ती जरूर ऐका.

पंचमवाला:
रात्र सलग ठेवायला १९०४ ची संहिता कशाला? गुणगुणता कोरस संपला की पडदा न पाडता थेट पुढचं वाद्यसंगीत सुरू करायचं. असे प्रयोग होतातच. 'अदिओ, फियोरितो आझिल' मात्र राहू द्या. पिंकर्टनला आपली चूक कळते ती तिथेच.

विंगेतला:
सलग करताना गाणारीचाही विचार हवा. पहिल्या अंकात प्रवेश केल्यापासून ती जवळजवळ सतत रंगमंचावर असते आणि 'तू, तू, पिक्कोलो इद्दियो' हे तिचं गाणं सगळ्यात शेवटी येतं. त्याआधीचं मध्यंतर म्हणजे तिच्या गळ्याला मिळालेली विश्रांती.