ऑर्डरची स्थिती दाखवायला वेबसॉकेट कशाला? एसएसई पुरेल

दर ५ सेकंदांचं पोलिंग (ब्राउझरने सर्व्हरला पुन्हा पुन्हा विचारणं) काढून ऑर्डरची स्थिती पानावर लगेच कशी दाखवायची, या प्रश्नावर इथे बहुतेकांनी वेबसॉकेट (दोन्ही बाजूंनी माहिती पाठवता येणारं, सतत उघडं कनेक्शन) सुचवलंय. मला ते पटत नाही. माहिती फक्त सर्व्हरकडून ब्राउझरकडे जायची असेल तर एसएसई (सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, म्हणजे सर्व्हरने उघड्या कनेक्शनवरून ब्राउझरला इव्हेंट पाठवत राहणं) घ्या. साधी एचटीटीपी विनंती, कंटेंट टाइप 'टेक्स्ट/इव्हेंट-स्ट्रीम', प्रत्येक इव्हेंटनंतर एक रिकामी ओळ, एवढंच. ती रिकामी ओळ राहिली तर ब्राउझर इव्हेंट देतच नाही.

कनेक्शन तुटलं की ब्राउझर स्वतःच पुन्हा जोडतो आणि शेवटच्या मिळालेल्या इव्हेंटचा आयडी हेडरमध्ये पाठवतो. मात्र मधले इव्हेंट साठवून परत देणं सर्व्हरचंच काम, हे बरेचजण विसरतात.

स्वतःच्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर अडकतं? आधी एन्जिनएक्स (ब्राउझर आणि तुमच्या ॲपच्या मध्ये बसणारा वेब सर्व्हर) बघा. तिथे प्रॉक्सी बफरिंग (ॲपचं उत्तर आधी साठवून मग पुढे पाठवणं) मुळातच चालू असतं, त्यामुळे इव्हेंट साचून एकदम येतात. ते एसएसईच्या पाथपुरतं बंद करा. ६० सेकंद शांतता राहिली तर एन्जिनएक्सचा रीड टाइमआउट कनेक्शन तोडतो, म्हणून दर १५-२० सेकंदांनी कोलनने सुरू होणारी कॉमेंटची ओळ पाठवत राहा. आणि एचटीटीपी/२ हवंच. १.१ वर एका डोमेनला सगळ्या टॅब मिळून ६ कनेक्शन मिळतात. सातवा टॅब नुसता फिरत बसतो.

लॉगिनचं टोकन हेडरमध्ये पाठवत असाल तर अडचण येईल, कारण इव्हेंटसोर्सला (ब्राउझरमधली एसएसई वाचणारी सोय) स्वतःचे हेडर देता येत नाहीत. कुकी वापरा.

चॅट किंवा एकत्र संपादन असेल तर वेबसॉकेटच घ्या. फक्त पुन्हा जोडण्याचा कोड तुम्हालाच लिहावा लागेल आणि त्यातल्या थांबण्याच्या वेळेत थोडा रँडम फरक ठेवा, नाहीतर सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळे क्लायंट एकाच क्षणी त्याच्यावर तुटून पडतात.